पाठमोरी

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात सर्जनबाईंनी एक लहान चौकोन काढला आणि म्हणाल्या, "ही मी." त्याआधी त्यांनी मधोमध एक लांबट आकार काढला होता, ते टेबल; टेबलावर एक बारीक रेघ, ती त्याची मुलगी; आणि तिच्यावर वाकलेले हात, ते यंत्राचे. तिथवर सगळं त्याला समजत होतं. डाव्या किडनीतला खडा आल्याच्या गाठीसारखा फांद्या फुटून बसला आहे, बाहेरून हादरे देऊन तो फुटला नाही, आता पोटाला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडून आत जायचं, किडनीचं तोंड उघडायचं, खडा काढायचा आणि परत शिवायचं, हे तो मान हलवत ऐकत होता. पण तो चौकोन खोलीच्या पार कडेला होता आणि त्याला काढलेलं टोक, म्हणजे बाईंचं नाक असावं, भिंतीकडे होतं. शेजारी त्याची बायको कागदाकडे पाहत होती. ती शहराच्या बसवर चालक होती. रस्ता खणल्यावर वळवलेल्या मार्गाचा नकाशा हातात दिल्यावर ती जशी पाहायची तशीच आत्ताही पाहत होती, म्हणजे ठीक आहे, इथून जायचं तर इथून. विचारायचं ते सगळं तिनेच विचारलं. उपाशी कधीपासून ठेवायचं, शाळा किती बुडेल, पोहायला कधी जाता येईल. त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "पाठमोऱ्या?" सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. "यंत्रात तोंड घालून बसते मी, तिथून हे हात हलवते," त्या म्हणाल्या. "बाहेरचं काही दिसत नाही. म्हटलं तर पाठमोरी, म्हटलं तर तिच्या पोटातच." बायको हसली. तोही हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं, आत काही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याचा हात अडला. तो गोदीत क्रेन चालवायचा. पूर्वी क्रेनवरच्या केबिनमध्ये चढून, आणि आता काही वर्षं आवारातल्या इमारतीत, एका थंडगार खोलीत पडद्यांसमोर बसून. ओळीने सगळे चालक, कानाला फोन, बोटांत छोटी दांडी, आणि पडद्यावर वरून दिसणारी कंटेनरची सपाट पाठ. त्या दिवशी एक हिरवा कंटेनर ट्रेलरवर टेकवायचा होता. वीतभर उंची उरली आणि हात पुढे जाईना. दुखत नव्हता, थरथरत नव्हता. चालता चालता बैल उभा राहावा तसा नुसता उभा राहिला. खाली ट्रेलरवाल्याने दोनदा दिवे लावून विझवले. शेजारच्या खुर्चीवरच्याला, दिवसभर तोंड चालू असतं म्हणून, सगळे मौनी म्हणत. तो मान न वळवता म्हणाला, "काय रे, अंडी उबवतोयस का?" तेवढ्याने हात सुटला. कंटेनर टेकला, कड्या बसल्या, ट्रेलर गेला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण पुढचा डबा उचलताना त्याच्या मनात आलं की त्या हिरव्या डब्यात काय होतं हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे आजवर कधी जाणवलंही नव्हतं. या खोलीत आल्यापासून त्याने एकही डबा आपटला नव्हता. वर होता तेव्हा आपटले होते. म्हणजे इथे तो जास्त चांगला होता. हेच तर त्याला खुपत होतं.

वरची केबिन म्हणजे एक काचेची पेटी होती. पायाखालीही काच. पहिल्यांदा चढला तेव्हा त्याने पाय उचलूनच धरले होते, आणि त्याला शिकवणारा उस्ताद, जाडजूड, डुलत चालणारा म्हातारा, म्हणाला होता की पाय टेक, काच तुझ्यापेक्षा शहाणी आहे. उस्तादाचं म्हणणं असं की भार हाताला कळत नाही, बुडाला कळतो. खुर्चीतून. डबा जमिनीवरून सुटतो त्या क्षणी अख्खी क्रेन एक श्वास घेते, आणि तो श्वास ओळखता आला की तुला काम आलं. मग त्याला तो ओळखू यायला लागला. कापसाचा श्वास वेगळा, यंत्रांचा वेगळा, आत नीट न बांधलेला माल असेल तर तो डब्याच्या आधी स्वतः हलायचा, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा. घरी जेवायला बसल्यावरही त्याचं अंग कधीकधी डुलत असायचं. बायको म्हणायची, जहाज लागलं का रे किनाऱ्याला. खोलीत आल्यावर डुलणं थांबलं. पहिल्या वर्षी एकदा डब्याचा एक कोपरा खालच्या कडीतून सुटलाच नव्हता. वर असता तर खुर्चीने आधीच सांगितलं असतं. इथे त्याला फक्त दिसलं की चार दोरांपैकी एकाची सावली बाकीच्यांपेक्षा सरळ पडली आहे, आणि त्याने थांबवलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण थांबवताना त्याच्या पोटात काहीच झालं नव्हतं. गोळा आला तो नंतर, उपाहारगृहात, पेला ओठाला लावल्यावर. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भीती उशिरा आली, डाकेने आल्यासारखी. आणि आता त्याच्या मुलीच्या किडनीवर कुणीतरी असंच लांब बसून दांड्या हलवणार होतं.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण चालायला लागली तीच गिरक्या घेत. गेल्या वर्षभरात गिरक्या बंद झाल्या होत्या. आधी पोटात दुखतं म्हणायची, आणि दोघांना वाटलं शाळेचा कंटाळा असेल. मग एकदा लघवी लाल झाली, आणि ती न्हाणीघरातून बाहेर येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली की बाबा, मी काही केलं नाही. ते वाक्य त्याच्या कानातून जात नव्हतं. खडा होता, आणि तो घराण्यातून आलेल्या जातीचा होता. पुन्हा पुन्हा होणारा. त्याच्या वडिलांना मुतखडा झाला होता. त्या काळच्या डॉक्टरांनी त्यांची कूस पाठीपासून पोटापर्यंत उघडली होती. लहानपणी वडील उघड्या अंगाने दाढी करत तेव्हा तो त्या वणावरून बोट फिरवायचा, टाक्यांच्या खुणा मोजून ठेवल्यासारख्या बोटाला लागायच्या, आणि वडील आरशातून सांगायचे की इथून डॉक्टरांनी मनगटापर्यंत हात घातला होता. त्याला ते भयंकर वाटायचं नाही. उलट सुरक्षित वाटायचं. आत एक माणसाचा हात जाऊन आला आहे, सगळं चाचपून, नीट ठेवून आला आहे. हे आठवून तो बायकोला म्हणाला की आपण बाईंना सांगू, हातानेच करा. बायको बसच्या गणवेशाला बटण लावत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली की सासऱ्यांना त्या बाजूवर कधी झोपता आलं नाही हे विसरलास वाटतं. मग, हा आजार आपल्याच घराण्यातून आला असं काहीसं तो पुटपुटला, तेव्हा तिने सुई खाली ठेवली. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? दोन्हीकडून आला तरच होतो. माझ्या माहेरचाही वाटा आहे त्यात. सगळं श्रेय एकटा घेऊ नकोस."

तरीही तो एकटा सर्जनबाईंकडे गेला. त्यांनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, घड्याळाकडे पाहिलं नाही. हाताने करता येईल, त्या म्हणाल्या. बरीच वर्षं त्यांनी तसंच केलं होतं. मग त्यांनी बोटाने हवेत छेद किती मोठा असेल ते दाखवलं, एवढ्याशा पोरीच्या कुशीवर, आणि सांगितलं की हा खडा परत होण्याचा संभव आहे. एकदा उघडलेली जागा आत चिकटते. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला रस्ता सापडत नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच. "मला तिच्या पुढच्या ऑपरेशनचाही विचार करायला हवा," त्या म्हणाल्या, "ते करायला मी नसेन तरी." जो प्रश्न विचारायला तो खरं तर आला होता तो मात्र राहिलाच. दारापर्यंत जाऊन तो वळलाही होता. पण समोरून काय उत्तर येईल याची त्याला धास्ती होती, कारण त्याला स्वतःला कुणी विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं नसतं. त्याने दार ओढून घेतलं.

ऑपरेशनच्या सकाळी भिंगरीने हिरव्या झग्याची नाडी स्वतः बांधली. तिचे यंत्राबद्दल, तिच्या भाषेत रोबोटबद्दल, सगळ्यांना प्रश्न विचारून झाले होते; त्याला जेवायला लागतं का, तो रात्री उभाच असतो का, आणि तो रागावला तर. सर्जनबाई बोलायला आल्या तेव्हा तिने त्यांना खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "त्याला माहीत आहे का कुठली बाजू दुखते ते?" बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. "त्याला काहीच माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. डावी." भिंगरीला ते पटलं. चाकांच्या खाटेवरून आत जाताना तिने आईला टाटा केला, बापाकडे नुसतं पाहिलं. त्याने हात वर केला तेव्हा दार मिटत आलं होतं.

बाहेर प्रतीक्षेची खोली होती. भिंतीला टेकून खुर्च्या, एक पाण्याचं यंत्र, आणि त्याची बायको, जी बसल्या बसल्या झोपली. पाळीवर काम करणाऱ्या माणसाची ती विद्या होती. मान ताठ, हात मांडीवर, कुणी हाक मारली तर पुढच्या क्षणी गाडी सुरू करेल अशी झोप. त्याला तिचा राग आला आणि मग तिचा हेवा वाटला. समोरच्या खुर्चीवर एक आजोबा टाचेने जमीन ठोकत होते. त्याने स्वतःचे तळवे उघडून पाहिले. दांडीने अंगठ्याखाली एक घट्टा आला होता, केबिनमधला जुना घट्टा कधीच मऊ पडला होता. तो आत काय चाललं असेल ते पाहायचा प्रयत्न करू लागला, पण त्याला टेबल दिसेना, मुलगी दिसेना, दिसायची ती फक्त एक पाठ. यंत्रात तोंड खुपसून बसलेल्या बाईची पाठ, थोडी बाक आलेली. तिच्या मागे खोलीत काय झालं तर तिला कोण सांगणार? लोक बोलत असतील. मौनीसारखा कुणीतरी असेलच, ज्याला गप्प बसवत नाही. रेडिओ लावत असतील का? गोदीतल्या खोलीत ते स्वतः लावत, दुपारी. त्याला वाटलं आपण उठावं आणि त्या दाराशी जाऊन उभं राहावं. तो उठला, पाण्याच्या यंत्रापर्यंत गेला, आणि पेला न भरताच परत आला.

मग दार उघडून एक तरुण डॉक्टर आला आणि त्याने त्यांना शोधलं. बायको तो जवळ यायच्या आधीच जागी होऊन उभी होती. तरुण डॉक्टर भराभर बोलत होता. मोठा खडा निघाला, फांद्यांसकट; पण काढताना त्याचं एक टोक तुटलं आणि तो कण किडनीच्या खालच्या कप्प्यात घरंगळला आहे. मॅडम बारीक दुर्बीण घालून बघतायत. थोडा वेळ लागेल, घाबरू नका. घाबरू नका हे शब्द ऐकल्यावर त्याला तो कप्पा दिसू लागला, अंधारा, ओला, आणि त्यात घरंगळणारा कण. केबिनमध्ये असताना एकदा खुर्चीखालच्या खाचेत एक बोल्ट पडला होता. टॉर्चने दिसला नाही, चुंबकाला लागला नाही, शेवटी त्याने डोळे मिटून बोट घातलं आणि बोटाला तो लगेच सापडला, कोमट, तेलकट, जणू वाटच पाहत होता. बोट. एक बोट आत गेलं असतं तर. अडलंच तर उघडून करायची परवानगी दोघांनी आधीच देऊन ठेवली होती. त्याच्या ओठांवर वाक्य तयार होतं, मग उघडा ना, हाताने शोधा ना. ते वाक्य बाहेर पडण्याआधी बायकोने विचारलं की मॅडम स्वतः काय म्हणतायत. तरुण डॉक्टर क्षणभर गोंधळला. म्हणाला, काही म्हणत नाहीयेत, शोधतायत. "मग शोधू देत," बायको म्हणाली आणि खाली बसली. बसताना तिने त्याचं मनगट धरलं. तिचा हात गार होता आणि पकड स्टिअरिंगवर असते तशी. तेव्हा त्याला कळलं की ती झोपली नव्हती, मघाशीही नाही.

त्यानंतरचा वेळ कसा गेला हे त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही. टाच ठोकणाऱ्या आजोबांना कुणीतरी बोलावून नेलं. खिडकीवरचं ऊन जमिनीवर आलं. त्याने काही म्हणजे काही केलं नाही, आणि काही न करणं हे किती अंगमेहनतीचं काम आहे याचं त्याला नवल वाटलं. सर्जनबाई आल्या त्या मुख्य दाराने नव्हे तर कडेच्या बोळातून, टोपी हातात घेऊन. त्यांच्या कपाळावर एक आडवा, लालसर खोलगट पट्टा उमटला होता, जिथे त्यांनी इतका वेळ डोकं यंत्राला टेकवून धरलं होतं. केस चिकटले होते. त्या बसल्या, उभं राहून बोलल्या नाहीत. भिंगरी ठीक आहे, शुद्धीवर येते आहे. शिवण चांगली झाली. आत एक बारीक नळी ठेवली आहे, ती काही आठवड्यांनी काढायची. आणि तो कण, त्या म्हणाल्या, राहिला. एकदा दिसला, मग कप्प्याच्या अरुंद मानेपलीकडे गेला. त्या मानेतून दुर्बीण रेटली असती तर गेली असती, पण मान फाटली असती. त्यांनी रेटली नाही. तो पाण्याने, औषधाने विरघळेल, नाहीतर आपोआप उतरेल, नाहीतर पुढे लघवीच्या वाटेने, कुठेही न कापता काढता येईल. हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या, पण सांगताना त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरं एकेक करून दाबत होता.

त्याला हाताबद्दल विचारायचं होतं. भार कळतो का, धागा ओढताना, मांस धरताना, बोटांना काही पोचतं का. ते त्याने विचारलं. बाईंनी मान हलवली. "नाही कळत. आमच्या यंत्रात तरी नाही. धागा किती ताणला ते बघून ओळखायचं, कडा पांढरी पडायला लागली की थांबायचं. कधीकधी बोटांना लागल्यासारखं वाटतं, पण तो भास असतो. मी त्याच्यावर विसंबत नाही." यावर तो ठीक आहे म्हणणार होता. त्याऐवजी, त्यालाही अपेक्षा नसताना, दुसराच प्रश्न बाहेर आला.

"भीती वाटते का तिथे बसून?"

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. सर्जनबाईंना तो प्रश्न उद्धट वाटला नाही. त्या त्याचा विचार करत होत्या.

"आज वाटली," त्या म्हणाल्या. "कण दिसेनासा झाला तेव्हा. वाटलं आणखी थोडं रेटावं. मग हात काढून घेतले आणि नुसती बसून राहिले जरा वेळ." त्या उठल्या. "भीती वाटली नसती तर रेटलं असतं."

त्या गेल्यावर तो खुर्चीवरच बसून राहिला. बायको मुलीकडे जायची घाई करत होती. त्याच्या डोळ्यांसमोर ती पाठ परत आली, पण आता तिचे खांदे दिसत होते. दांड्यांवरून हात काढून घेतलेले, मांडीवर ठेवलेले, आणि सगळी खोली थांबलेली. कुणी काही बोललं नसेल. आणि हे कुणाला कळलंही नसतं, बाईंनी सांगितलं नसतं तर. मग बायकोने त्याला कोपराला धरून उठवलं, म्हणाली, चल, नाहीतर तुझ्यासाठी क्रेन मागवावी लागेल.

उरलेल्या कणाचं भिंगरीला सांगू नये असं बायकोचं मत होतं. एवढं सोसल्यावर उगाच कशाला तिच्या जिवाला घोर. त्याने नेहमीसारखं ऐकलं असतं, पण या वेळी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती, पोटावरच्या पट्ट्या झगा वर करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होती, तेव्हा त्याने खाटेच्या कडेला बसून सांगितलं. मोठा खडा निघाला. एक कण आत आहे. बाईंना तो दिसला होता, पण तो काढायला गेलं असतं तर तुला लागलं असतं, म्हणून त्यांनी ठेवला. भिंगरीने खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं, खरंखोटं तपासत असल्यासारखं. मग तिने विचारलं की तो केवढा आहे. साखरेच्या दाण्याएवढा असेल, तो म्हणाला. "मग राहू दे," ती म्हणाली, आणि लगेच आईकडे वळून शाळेतल्या कुठल्या तरी भांडणाबद्दल बोलू लागली. बायकोने नवऱ्याकडे मुलीच्या डोक्यावरून पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार होती आणि दुसरंही काहीतरी होतं, जे त्याला लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांनंतर दिसलं नव्हतं.

घरी सोडलं त्या दुपारी टॅक्सी करावी असं त्याने म्हटलं, पण बायकोने तिच्या ओळखीची बस वेळ पाहून धरली. चालक तिच्याच आगारातला होता, मिशीवाला, अबोल. त्याने आरशातून एकदा मुलीकडे पाहिलं, बायकोला मान तुकवली, आणि त्यानंतर प्रत्येक गतिरोधकावर बस अशी सावकाश चढवली आणि उतरवली की मागच्या बाकावरचा एक माणूस कुरकुरला, आज काय पाळणा हलवताय का. भिंगरी दोघांच्या मध्ये बसली होती. दोन थांबे तिने दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचल्या, मग नुसत्या ओठांनी वाचल्या, मग तिचं डोकं त्याच्या दंडावर आलं. ती झोपली. ऊन तिच्या गुडघ्यांवरून सरकत होतं, झाडांच्या सावल्या मधेच येऊन जात होत्या, आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. त्यांचा थांबा आला. बसचं दार उघडलं. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. कुणीच उठलं नाही. चालकाने आरशात पाहिलं, थोडं थांबला, आणि दार मिटलं. मग त्यांची गल्ली गेली, शाळा गेली, जलतरण तलावाची भिंत गेली, बस रिकामी होत गेली, आणि ज्या भागात तो कधी आलाच नव्हता तिथले रस्ते लागले, रुंद, धुळीचे, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. शेवटच्या थांब्यावर चालकाने इंजिन बंद केलं, खाली उतरून आळस दिला, आणि चहाच्या टपरीकडे जाता जाता खिडकीपाशी येऊन बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "झोपू दे तिला. मी इथूनच परत जाणार आहे."